इंग्रजी वाक्यात शब्दाची जागा



सालेकसा, देवरी भागात ज्या मुलांच्या घरी गोंडी बोलतात, त्यांना मराठी शाळेत भेटते आणि इंग्रजी त्यानंतर. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावीतला मुलगा ‘आय राइस ईट’ म्हणतो आणि हसू झाले की पुन्हा तोंड उघडत नाही. हा आळस नव्हे. गोंडी व मराठी वेगवेगळ्या कुळांतल्या, पण दोन्हींत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग: ‘आय ईट राइस’.

खरी अडचण पुढेच आहे. ‘वाघाने कुत्र्याला पाहिले’ हे ‘कुत्र्याला वाघाने पाहिले’ असे फिरवले तरी पाहणारा वाघच. ‘ने’ आणि ‘ला’ अर्थ सांभाळतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत, तिथे जागाच अर्थ ठरवते. ‘द टायगर सॉ द डॉग’ मधली नावे बदलली की पाहणारा कुत्रा! नागझिऱ्याकडच्या मुलांना हे लगेच पटते.

सुट्टीत शिकवायला येणाऱ्या तरुणांनी व्याकरण पाठ करून घेण्याआधी शब्दांच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडाव्यात: कर्ता, क्रियापद, कर्म. मूल अडले तर विचारावे, “हे गोंडीत कसं म्हणतोस?”