पडदा कुठे पाडायचा

शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्या कोथरूडच्या घरात जेवणाचं टेबल रिकामं होतं आणि त्यावर पेन्सिली, कॅरेक्टर शीट आणि फाशांची पिशवी येते. नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक शनिवार चालणारी नवी गोष्ट, सुरू होणार असेल, तर पहिल्या दिवशी फासे पिशवीतून बाहेरच काढायचे नाहीत, असा माझा नियम आहे. त्या दिवशी टेबलाच्या मधोमध एक कोरा फुलस्केप असतो. त्यावर मी तीन रकाने आखते : ‘चालेल’, ‘पडद्याआड’, ‘नाही’.

मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवते. खेळवणाऱ्याला डीएम म्हणतात, म्हणजे डंजन मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि उरलेलं सगळं जग माझ्याकडे येतं : गावकरी, राक्षस, पाऊस, बंद दारं. आपलं पात्र काय करतंय ते प्रत्येकाने बोलून सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. पट किंवा सोंगट्या नसल्या तरी चालतं, कारण खेळ डोक्यात घडतो. म्हणूनच या खेळातली हिंसा, छळ किंवा वासना सिनेमातल्यापेक्षा जास्त जवळ येते. सिनेमात नको ते दिसलं तर डोळे मिटता येतात. इथे चित्र आपणच रंगवत असतो, त्यामुळे डोळे मिटले की ते आणखी स्पष्ट दिसतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत हा खेळ काढला. त्यात काय असावं आणि काय नसावं यावर तिथे मोठं रण माजलं. 1982 साली एका मुलाने आत्महत्या केली. त्याची आई पॅट्रिशिया पुलिंग हिने खेळाला दोष दिला आणि पुढच्याच वर्षी विरोधासाठी संघटना उभी केली. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच गेले. मग लंबक उलटा फिरला. 2002 साली ‘बुक ऑफ व्हाइल डार्कनेस’ आलं. छळ, नरबळी, व्यसनं असा सगळा मजकूर आणि वर ‘प्रौढांसाठी’ अशी सूचना. मला दोन्ही उपाय तोकडे वाटतात. माझ्या टेबलाभोवती कोण बसलंय, त्याचं मागचं वर्ष कसं गेलंय, हे प्रकाशकाला कुठून कळणार?

कामाची साधनं खेळणाऱ्या-खेळवणाऱ्यांनीच शोधली. रॉन एडवर्ड्स यांनी रेघ आणि पडदा ही जोडी मांडली. रेघेपलीकडचं गोष्टीत येतच नाही. पडद्याआडचं घडतं, पण दाखवलं जात नाही. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी ‘एक्स कार्ड’ काढलं. टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणीही त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. पडद्याची कल्पना आपल्याला परकी नाही. युद्ध आणि मृत्यू अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या दृश्यातून, सांगावेत, असं नाट्यशास्त्रातही आहे.

ही साधनं वापरायला मी चूक करून शिकले. काही वर्षांपूर्वी मी 2016 साली आलेलं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हे या खेळाचं तयार कथानक पहिल्यांदा खेळवलं. त्यात एक जुनी पवनचक्की आहे. तिथे राहणाऱ्या चेटकिणी गावात गोड पेस्ट्री विकतात आणि त्यांचं पीठ मुलांच्या हाडांचं असतं. मी तो प्रसंग रंगवून, तपशिलात सांगितला. आमच्यातल्या एका मैत्रिणीने फासा खाली ठेवला, ‘आज लवकर निघते गं’ म्हणाली आणि पुन्हा खेळायला आली नाही. तिचा गर्भपात झाला होता, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. ते मला माहीत असायलाच हवं होतं असं नाही. पण आज कशाला हात लावायचा नाही, एवढं विचारणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

आता मी चिठ्ठ्या वाटते. प्रत्येकाने लिहायचं, घडी घालायची, वाटीत टाकायची. अक्षर ओळखू आलं तरी कुणी बोलायचं नाही. यंदाच्या वाटीतून ‘बलात्कार : नाही’ दोनदा निघालं, ‘कोळी : नाही’ एकदा, आणि ‘लहान मुलांना इजा : पडद्याआड’. सगळं फुलस्केपवर उतरवल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, “अगं, एवढं सगळं पुसलंस तर भीती कशाची वाटणार?”

प्रश्न रास्त होता. यंदाही ‘कर्स ऑफ स्ट्राड’च होतं, त्यामुळे पाचव्या शनिवारी पुन्हा ती पवनचक्की आली. या वेळी मी एवढंच सांगितलं : दार उघडताच भट्टीची ऊब अंगावर येते. लोणी आणि दालचिनीचा वास. भिंतीलगत फळी आहे. फळीवर लहान मुलांच्या चपला, जोडीजोडीने नीट लावलेल्या. तुम्ही मोजता. नऊ जोड.

आणि थांबले. भट्टीचं झाकण उघडलंच नाही. टेबलावर कुणी हललं नाही. प्रश्न विचारणारा तोच गडी हळू आवाजात म्हणाला, “वर कुणी जिवंत आहे का, ते बघायचंय मला.” वर दोन मुलं कोंडलेली होती. त्यांना बाहेर काढायला आम्हाला दीड तास लागला. त्या दीड तासात कुणीही फोन हातात घेतला नाही.

टेबलावरच्या एक्स कार्डाला हात एकदाच लागला. स्ट्राड हा पिशाच्च सरदार. आयरीना नावाची तरुणी म्हणजे आपली गेलेली प्रेयसीच पुन्हा जन्मली आहे, असं तो धरून चालतो. ती नाही म्हणत राहते, तो पाठ सोडत नाही. तो तिच्या खिडकीशी आला, तेव्हा एक बोट शांतपणे पुढे आलं. मी “बरं” म्हणाले आणि गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर नेली. मिनिटभरही गेलं नसेल. मग खेळ पुढे सुरू झाला, आणि बोट पुढे करणारी व्यक्ती शेवटच्या शनिवारपर्यंत खेळायला येत राहिली.

क्रौर्य, लालसा, मृत्यू हे विषय मला खेळात हवे आहेत. मोठ्या माणसांनी त्यांच्याशी खेळून पाहावं, असंही मला मनापासून वाटतं. तुम्ही टेबल चालवत असाल तर एकच विनंती : फासे काढण्याआधी कागद काढा. अर्धा तास जातो.