पार्किंगमधला कारखाना

‘गॅरेज’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या कडेचा मेकॅनिक येतो. घरातल्या तशा जागेला आपण ‘पार्किंग’च म्हणतो. रो-हाउस असेल तर गेटच्या आतली चार पावले, जुन्या नाशकात असेल तर जिन्याखालचा अंधार. तिथे स्कूटर उभी राहते आणि तिच्याभोवती घरात नको असलेले सगळे हळूहळू साठत जाते. बंद कूलर, रंगाचे उरलेले डबे, मुलांच्या लहान झालेल्या सायकली, बकरी ईदनंतर धुऊन ठेवलेला लाकडी ठोकळा.

आमच्या पार्किंगमध्ये याशिवाय अब्बांचा कारखानाही आहे. माझे सासरे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला सुरुवात केली. मोहल्ल्यातल्या बायका मिक्सर घेऊन येतात, अब्बा वाईंडिंग करून देतात. कमाई फार नाही, पण त्यांच्या औषधांचा खर्च त्यातून निघतो आणि कुणापुढे हात पसरावा लागत नाही, याचा त्यांना फार अभिमान आहे.

गेल्या वर्षी रमजानच्या आधी घराची साफसफाई चालली होती. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत अब्बांनी थिनर भरून ठेवले होते, तेही जमिनीवर. माझ्या चार वर्षांच्या पुतण्याने ती बाटली उचलून तोंडाला लावली. झाकण घट्ट होते आणि जाऊबाई दोन पावलांवर होत्या, म्हणून निभावले. त्या संध्याकाळी घरात आवाज चढले. भंगारवाल्याला बोलवा, सगळे उचलून द्या, असेच सगळ्यांचे मत पडले. अब्बा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक बाई मिक्सर घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी “आता काम बंद केलंय” म्हणून त्यांना परत पाठवले. ते ऐकले आणि मला राहवले नाही. मी सगळ्यांकडून एका महिन्याची मुदत मागून घेतली.

पहिले काम म्हणजे सगळे बाहेर काढणे. दोन रविवार त्यातच गेले. निम्मे सामान खरोखरच भंगार निघाले आणि ते अब्बांनी स्वतःच्या हाताने बाजूला काढले. दुसऱ्या कुणी काढले असते तर पुन्हा भांडण झाले असते.

मग रॅक. छिद्रांच्या लोखंडी अँगलचे रॅक आपल्याकडे किराणा दुकानांत आणि शाळेच्या भांडार-खोलीत सर्रास दिसतात. दुकान बंद करणाऱ्याकडून आम्हाला असे दोन रॅक मिळाले, सहा फूट उंच, तीन फूट रुंद, प्रत्येकी १,४०० रुपयांना. जुना रॅक घेताना तीन गोष्टी बघा. एक, गेज. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे उलटे गणित अनेकांना ठाऊक नसते. अँगल १४ गेजचा आणि फळ्या १८ गेजच्या असल्या तर मोटारींचे वजन पेलतात. २० किंवा २२ गेजच्या फळीवर वह्या-पुस्तके ठेवावीत. दोन, कोपऱ्यातल्या तिकोनी पट्ट्या. त्या नसतील तर रॅक झोपाळ्यासारखा हलतो. तीन, खोली. स्कूटर आत यायची असेल तर बारा इंच पुरे. अठरा इंचांच्या फळीवर मागची वस्तू पाच वर्षे कुणाला दिसत नाही.

रॅक घेतला की गंज घासून रेड ऑक्साइडचा हात मारायचा, वर ऑइल पेंट. आणि भिंतीला बांधल्याशिवाय त्यावर एक खिळासुद्धा ठेवायचा नाही. मुले फळ्यांना शिडी समजतात. नऊ इंची विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर चांगला बसतो. माती-विटांच्या जुन्या वाड्यात किंवा नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तो ढिला होतो. तिथे आधी गवंड्याला विचारा.

लाकडी फळ्या लावणार असाल तर शाळेतला एक धडा उपयोगी पडतो. फळीची लांबी दुप्पट केली तर मधोमध ठेवलेल्या तेवढ्याच वजनाने ती दुप्पट नव्हे, आठपट वाकते. जाडी दुप्पट केली तर मात्र वाकणे आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून सहा फुटांच्या फळीला दोन टोकांना आधार देऊन मोकळे होऊ नका, मध्ये तिसरा द्या. प्लाय घेताना साधा कमर्शियल न घेता बीडब्ल्यूआर घ्यावा, पार्किंगमध्ये पावसाची झड येतेच.

ड्रॉवर आम्ही केलेच नाहीत. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे जे प्लॅस्टिकचे क्रेट जातात, तसे जुने सहा क्रेट ८० रुपयांना एक या भावाने घेतले. क्रेट रॅकवर सरकतो, ओढला की बाहेर येतो, धुताही येतो. आणखी काय हवे? बारीक सामानासाठी स्वयंपाकघरातल्या बरण्या. पाने, पकडी आणि कानशींसाठी अम्मींची जुनी स्टीलची मांडणी, जी नवे किचन झाल्यापासून गच्चीवर पडून होती. ताटांच्या खाचांत पाने असे बसले की जणू त्यांच्यासाठीच केल्या होत्या. अम्मी आधी थोड्या रुसल्या, मग स्वतःच पुसून देऊ लागल्या.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. अब्बा उर्दू वाचतात, हाताखाली येणारा आयटीआयचा मुलगा मराठी वाचतो. म्हणून प्रत्येक बरणीवर दोन्ही लिप्या.

खरी गंमत कामाच्या टेबलाची. आमचे जुने घर चौक मंडईकडे होते, माती-विटांचे. ते उतरवले तेव्हा दोन झडपांचे सागवानी दार अब्बांनी विकू दिले नव्हते. त्यातली एक झडप नणंदेने नेली, दुसरी भिंतीला टेकून धूळ खात होती. सहा फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. गल्लीतल्या फॅब्रिकेटरने १,४०० रुपयांत लोखंडी अँगलचा घोडा करून दिला, पुढे-मागे पूर्ण लांबीच्या पट्ट्या असलेला. त्यावर झडप बोल्टने आवळली. दार दिलेदार असल्याने वर सपाट नव्हते, म्हणून बारा मिलिमीटर प्लायचा तुकडा स्क्रूने बसवला. प्लाय खराब झाला की बदलायचा, दार तसेच राहते.

उंचीवरून अब्बांनी आम्हा सगळ्यांची शिकवणी घेतली. फिटरचा नियम असा की सरळ उभे राहिल्यावर वाईसचा जबडा आपल्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे, मग कानस मारताना खांदा भरून येत नाही. वाईसची उंची वजा करून टेबल चौतीस इंचांचे ठरले. वाईस टेबलाच्या मधोमध लावायचा नाही, पायाच्या बरोबर वर लावायचा, म्हणजे हातोडीचा मार थेट जमिनीत जातो. इतके बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

थिनर, रंग, ॲसिड आता सगळ्यात वरच्या फळीवर, कुलपाच्या पत्र्याच्या पेटीत, मूळ डब्यांतच. खाण्यापिण्याच्या बाटलीत असले काही भरायचे नाही, हा नियम अम्मींनी केला आहे आणि तो कुणी मोडत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी या पेटीपासून लांब, हवा खेळती असलेल्या गेटच्या बाजूला ठेवली आहे, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. टेबलाच्या सॉकेटला अर्थिंग तपासून घेतले.

खालची फळी जमिनीपासून फूटभर वर आहे. २००८ आणि २०१६ च्या पुरात गोदावरीचे पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरले होते. नासर्डीकाठच्या वस्त्यांनाही पावसाळ्यात धास्ती असतेच. पूर आला नाही तरी फरशीवर पाणी साचते, आणि वाळवी नेहमी खालूनच चढते.

एकूण खर्च: रॅक २,८००, घोडा १,४००, प्लायचा तुकडा ६५०, क्रेट ४८०, रंग-बोल्ट-फास्टनर ५७०. म्हणजे ५,९०० रुपये. आमच्याकडे दार आणि मांडणी आयती होती, हे धरून. तुमच्या माळ्यावरही काहीतरी असेलच.

मिक्सरवाल्या बाईंना मीच निरोप पाठवला. आता असरनंतर अब्बा टेबलापाशी उभे असतात. वाईंडिंग मात्र ते अजूनही खाली बसूनच करतात. गुडघे दुखतात म्हणून उंच स्टूल आणून दिले, तर त्यावर सध्या त्यांचा रेडिओ असतो.