प्रचितीचा ताळा

लेखमाला ‘पडताळणी’ : भाग सातवा

नवसावरचा मागचा भाग छापून आला त्याच संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळेच मानतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, पहाटे उठून जप करणाऱ्या, दिवेलागणीला दासबोधाचा एक समास वाचणाऱ्या. हातात लेखाचं कात्रण होतं. म्हणाल्या, “तू लिहिलंस ते पटलं. पण मला अनुभव येतो, त्याचं काय करू? मी खोटं बोलते का?”

काकू खोटं बोलत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा प्रश्न अवघड आहे. मीरा रोडहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला डब्यातली चिकटवलेली पत्रकं पाठ असतात: वशीकरण, मूठकरणी, सौतन से छुटकारा, घर बैठे समाधान, आणि खाली मोबाइल नंबर. ती लावणाऱ्याविषयी काय म्हणायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण ज्याला खरोखर काहीतरी जाणवतं, जो त्यातून पैसा कमवत नाही, त्याच्याशी बोलताना ही भाषा कामाची नाही. त्याला लबाड म्हटलं की संवाद तिथेच संपतो, आणि ते म्हणणं चूकही असतं. आजचा भाग अशा प्रामाणिक माणसासाठी.

काकूंचा अनुभव लोलकाचा होता. लाल दोऱ्याला बांधलेला स्फटिकाचा मणी, एका शिबिरात मिळालेला. दोरा चिमटीत धरायचा, हात स्थिर ठेवायचा, मनात प्रश्न विचारायचा. मणी गोल फिरला तर ‘हो’, मागेपुढे झुलला तर ‘नाही’. हरवलेली किल्ली गॅलरीतल्या कुंडीमागे आहे हे त्यानं सांगितलं होतं. मी म्हटलं, “काकू, आपण ताळा करून बघायचा का?” हा शब्द त्यांचाच, वर्षानुवर्षं मुलांना गणिताचा ताळा करायला लावलेल्या बाईंना वेगळं काही समजवावं लागलं नाही.

स्टीलच्या पाच वाट्या टेबलावर पालथ्या घातल्या. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांदेखत एकीखाली रुपया ठेवला आणि लोलकाला विचारलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा मणी नेमक्या वाटीवर गोल फिरला. काकूंचा चेहरा उजळला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, सातवीतल्या नातवानं रुपया लपवला आणि तो आणि मी दोघंही गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर जाणं महत्त्वाचं होतं. उत्तर ठाऊक असलेला माणूस समोर उभा असला, तर त्याची नजर, त्याचा अडलेला श्वास, त्याची अर्धवट हालचाल उत्तर सांगून जाते, आणि सांगणाऱ्यालाही ते कळत नाही. असं दहा वेळा केलं. मणी दरवेळी छान गोल फिरला. रुपया दोनदा सापडला. पाच वाट्यांवर डोळे मिटून बोट ठेवलं तरी दहांत सरासरी दोनदा बरोबर येतंच.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पण तो फिरत होता रे. मी फिरवत नव्हते.”

हे अगदी खरं आहे, आणि इथेच सगळी गंमत आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यानं हाच प्रयोग स्वतःवर करून 1833 साली त्याविषयी भौतिकशास्त्रज्ञ आँपेरला पत्र लिहिलं. लोलक आपोआप फिरतो असं त्यालाही वाटलं होतं. मग त्यानं डोळे बांधून घेतले, आणि लोलकाचं फिरणं बंद झालं. मनात हालचालीची अपेक्षा असली की बोटांचे स्नायू अगदी सूक्ष्म हलतात. तो हलका धक्का दोऱ्यातून खाली जातो आणि लोलकाच्या झोक्यात मिसळत वाढत जातो. आपल्याला हलवल्याची जाणीवच होत नाही. विल्यम कारपेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं 1852 मध्ये या प्रकाराला नाव दिलं. पुढच्याच वर्षी मायकल फॅरेडेनं आपोआप सरकणाऱ्या टेबलांची तपासणी केली. तेव्हा घरोघरी लोक टेबलाभोवती बसून मृतात्म्यांना बोलावत असत. फॅरेडेनं हातांखाली पुठ्ठ्यांचे थर ठेवले आणि हात आधी सरकतो की टेबल, हे दाखवणारा काटा लावला. आधी हात सरकत होते. बसलेल्यांना तो काटा दिसू लागताच टेबल सरकायचं थांबलं. त्यांत लबाड कुणीच नव्हतं.

काकूंनी तिथल्या तिथे डोळे मिटून दोरा धरला. मणी थोडा डगमगला आणि मंद होत थांबला.

मला या प्रसंगातून जे सांगायचं आहे ते एवढंच, की अनुभव खरा असतो. त्याला आपण चिकटवलेलं कारण तपासायचं असतं. ‘मला अनुभव आला’ हे वाक्य तिथे संपत नाही, तिथून तपास सुरू होतो. साधकानं तो इतरांपेक्षा जास्त करायला हवा, कारण जो रोज मनाशी काम करतो त्याला मन कसं फसवतं हे सर्वांत आधी कळायला हवं.

लोलकाच्या चुकीनं फार तर किल्ली सापडत नाही. काविळीच्या बाबतीत चूक जिवावर येते. आपल्याकडे कावीळ ‘उतरवणारे’ गावात असतात तसे शहराच्या वस्त्यांतही असतात. रोग्याच्या गळ्यात काड्यांची माळ घालतात. माळ दिवसागणिक लांबत जाते आणि कावीळ उतरत जाते. कुठे हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं, कावीळ निघाली! दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचा पगडा मोठा. माळेतल्या काड्या ओल्या असतात. सुकल्या की आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. ती खुंटीला टांगून ठेवली तरी लांबते. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, आणि चुन्याशी तो पिवळा रंग देतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. हे दोन्ही ताळे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव करून दाखवत आले आहेत.

पण मग रोगी बरा का होतो? दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घाला, घालू नका. माळेचं यश म्हणजे शरीराचं यश, नाव फक्त माळेचं. आणि ज्यांना गुण येत नाही त्यांची मोजणी कुणी ठेवत नाही. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यातही डोळे पिवळे होतात. पित्तनलिकेत खडा अडकला तरी होतात. हे आजार माळ लांबायची वाट बघत नाहीत. रोगी दगावला की ‘उशिरा आणलात’ असं सांगितलं जातं, आणि उतरवणाऱ्याच्या खात्यावर अपयश कधी लिहिलंच जात नाही. जुळलेलं लक्षात ठेवायचं आणि चुकलेलं विसरायचं, ही आपल्या सगळ्यांचीच खोड.

म्हणून मोजणी हवी. या बाबतीत महाराष्ट्रानं एक फार सुंदर काम केलं आहे, आणि त्याची आठवण पुरेशी ठेवली जात नाही याचं मला वाईट वाटतं. 2008 साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले. पत्रिका कशी वाचतात हे त्यांना आतून माहीत होतं. दोनशे पत्रिका केल्या: शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका द्यायच्या आणि त्यानं फक्त कोणती कुठल्या गटातली ते सांगायचं. एक्कावन्न ज्योतिषांनी सुरुवातीला तयारी दाखवली, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी चाळिसात सरासरी वीस बरोबर आली असती. त्यांची सरासरी आली 17.25. सर्वांत चांगला निकाल चोवीस. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यातल्या 102 बरोबर निघाल्या. 2009 मध्ये हा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

मला यात आवडतं ते हे, की कुणाची टिंगल झाली नाही. प्रश्न ज्योतिषांच्याच भाषेतला होता, पत्रिका त्यांच्याच पद्धतीची होती, आणि नियम आधी ठरले होते. निकालानंतर नियम बदलता येऊ नयेत म्हणून ते आधी लिहून ठेवायचे. काकूंच्या टेबलावरही आम्ही हेच केलं.

असा ताळा मागणं म्हणजे परक्या संस्कृतीचं अनुकरण, असं म्हणणाऱ्यांनी काकूंच्याच दासबोधाचा पाचव्या दशकातला दुसरा समास काढावा, गुरुलक्षणाचा. करामती दाखवणारे, मंत्र-यंत्र सांगणारे, विद्या शिकवणारे, अशा नाना गुरूंची यादीच तिथे आहे. लोक त्यांना गुरू म्हणतात हे रामदास मान्य करतात, पण मोक्ष देणारा सद्गुरू त्यांच्यात नाही असं स्पष्ट सांगतात. चमत्कार हा गुरुत्वाचा पुरावाच त्यांनी बाद केला. ते प्रचितीवर भर देतात तेव्हाही शास्त्रप्रचिती, गुरुप्रचिती आणि आत्मप्रचिती या तिन्हींचा मेळ मागतात. म्हणजे स्वतःला आलेला अनुभव एकटा पुरत नाही. रामदासांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा नव्हती हे उघड आहे. पण एका साक्षीवर निकाल देऊ नये ही शिस्त त्यात आहे, आणि सतराव्या शतकात मराठी साधकाला ती सांगितली गेली होती.

चिकित्सेची किंमत मात्र आपल्याच काळात मोजावी लागली. मुंबईत इर्ला इथल्या चर्चमध्ये 2012 साली क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडमारुकू यांनी तपासून सांगितलं, की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून केशाकर्षणानं वर चढतंय. भाविक ते तीर्थ म्हणून घेत होते; खरं तर त्यांच्या आरोग्यासाठी या माणसाचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. पुढच्या वर्षी 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. खुनाच्या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली ती 10 मे 2024 ला.

या कायद्यानं भक्तीवर बंदी आली, असा समज अजून ऐकू येतो. तो खोटा आहे. प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन हे कायद्यानं स्पष्टपणे वगळलं आहे. गुन्हा ठरतात ती अनुसूचीतली बारा कृत्यं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हे त्यांपैकी एक. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. लोकलमधलं पत्रक बघून फसलेल्यानं लाजून घरी बसण्यापेक्षा त्याच्याकडे जावं.

काकूंचा जप चालू आहे. जपानं मन शांत होतं हे त्यांचं म्हणणं मी तपासायला गेलो नाही, जाणारही नाही. ते त्यांच्या आतलं आहे आणि त्यानं कुणाच्या औषधाला अडथळा येत नाही. जो दावा बाहेरच्या जगाबद्दल आहे, हरवलेल्या वस्तूबद्दल, आजाराबद्दल, मुलीच्या लग्नाच्या तारखेबद्दल, त्याला ताळा लागतो. लोलकासाठी त्यांनी आता दोनशे पानी वही केली आहे. प्रश्न, तारीख, लोलकाचं उत्तर, हे सगळं आधी शाईनं लिहायचं. निकाल लागला की शेजारी बरोबर किंवा चूक. काल दाखवली. चौदा ओळी झाल्यात, सहा बरोबर.

पुढच्या आठवड्यात अंगात येण्याविषयी लिहिणार आहे. तोवर तुमच्या घरीही अशी एक वही करा. ज्योतिष असो, कौल असो, लोलक असो, उत्तर आधी लिहा, निकाल नंतर. आणि पावसाळ्यात तापाबरोबर डोळे पिवळे दिसले, तर माळ शोधू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या.