पिल्लाचें शिक्षण कीं घराचें?

मुलांचा हट्ट म्हणून पॉमेरेनियन, पग किंवा डाशहुंड जातीचें चिमुकलें पिल्लूं घरीं येतें. पहिले चार दिवस तें सर्वांच्या मांडीवर असतें. पांचव्या दिवशीं देवघराच्या उंबऱ्याशीं लघुशंका करतें, आणि ‘ह्याला घालवून द्या’ असा निकाल लागतो. आमच्या मतें हा निकाल घाईचा होय. ज्याला नियम कोणीं शिकविलाच नाहीं, त्यानें तो मोडला असें कसें म्हणावें?

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेच्या पुत्राची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत आलेल्या ह्या कुत्र्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्याला मारलें. सरमेनें अपराध कोणता तें विचारलें, तेव्हां कोणीं कांहींच बोललें नाहीं. पिल्लावर हात उगारणाऱ्यानें ही कथा आठवावी. मघां केलेली लघुशंका आणि आतांचा मार यांचा संबंध त्याला जोडतां येत नाहीं. माणूस आला कीं मार बसतो, एवढेंच तें शिकतें, आणि पुढें पलंगाखालीं लपून तोच विधि उरकतें.

मग करावें काय? प्रथम त्याच्या शरीराचा विचार करावा. २ महिन्यांच्या पिल्लाला दिवसां सुमारें २ तासांहून अधिक वेळ मूत्र आवरत नाहीं. लहान जातींचें मूत्राशयहि लहान, म्हणून त्यांना याहूनहि लवकर न्यावें लागतें. झोपेंतून उठल्याबरोबर, खेळ संपल्यावर आणि जेवणानंतर ५ ते ३० मिनिटांत त्याला ठरलेल्या जागीं न्यावें, एकच शब्द उच्चारावा, आणि काम होतांच तेथल्या तेथें खाऊचा कण देऊन शाबासकी द्यावी. घरांत परतल्यावर दिलेलें बक्षीस तें परत येण्याचें समजतें.

जागा कोणती? लसीकरण साधारण ४ महिन्यांच्या वयापर्यंत पुरें होत नाहीं, आणि पार्व्होचा विषाणु मातींत कित्येक महिने टिकतो. म्हणून पशुवैद्यांची अनुज्ञा मिळेपर्यंत भटक्या कुत्र्यांची वर्दळ असलेला रस्ता टाळावा. गच्चीवर किंवा सज्जांत स्वच्छ मातीचें पसरट तबक ठेवावें. वर्तमानपत्र पसरण्याची रीत सोपी खरी. परंतु जुना अंक कोणता आणि आजोबांचा न वाचलेला कोणता, हें पिल्लाला कळत नाहीं!

खराब झालेली फरशी नुसती पुसून भागत नाहीं. वास राहिला कीं तें तेथेंच परततें. अमोनियाचा वास मूत्रासारखाच, म्हणून तो असलेलीं द्रावणें वर्ज्य करून एन्झाइमयुक्त द्रावणानें जागा धुवावी.

एकत्र कुटुंबांतली खरी अडचण मात्र निराळीच. दहा माणसें घरांत असलीं, म्हणजे प्रत्येकाला वाटतें कीं दुसऱ्यानें नेलें असेल. शिवाय काका ‘चल’ म्हणतात, वहिनी ‘बाहेर’ म्हणतात, मुलें शीळ घालतात. पिल्लानें कोणाचें ऐकावें? आम्हां शिक्षकांना वेळापत्रकावांचून चैन पडत नाहीं. येथेंहि तोच उपाय सुचवितों. स्वयंपाकघराबाहेर पाटी टांगावी: पहांटे आजोबा, शाळेपूर्वीं थोरला नातू, निजण्यापूर्वीं काका, याप्रमाणें दिवसभराच्या पाळ्या लिहाव्या, आणि ज्यानें नेलें त्यानें खूण करावी. सारा भार सूनबाईंवर ढकलूं नये. हट्ट ज्यांचा, पहिली पाळी त्यांची. आजीच्या सोंवळ्याचा मान राखून देवघराच्या दारांत पहिल्याच दिवशीं आडवी फळी लावावी.

लहान जातींना ही शिस्त लागण्यास ६ महिने किंवा अधिकहि लागतात. शिकलेलें कुत्रें एकाएकीं चुकूं लागलें, तर रागावण्यापूर्वीं पशुवैद्यांस दाखवावें. मूत्रमार्गाचा विकार असूं शकतो.

उपाशी मरेल अशा रीतीनें जनावर सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. परंतु कायद्याहूनहि जवळचे साक्षी घरांतच असतात. दुबळ्या जिवाला आधीं शिकविलें जातें कीं आधीं शिक्षा होते, हें मुलें रोज पाहत असतात. आणि तोच धडा त्यांच्या मनांत कायम राहतो.