नवी मुंबई ‘फ्लेमिंगो सिटी’ कशी झाली

पाम बीच रस्त्याने जाताना गुलाबी पक्षी ठिकठिकाणी भेटतात, काही शिल्पांत तर काही रंगवलेल्या भिंतींवर. नवी मुंबई महापालिकेने अलीकडच्या वर्षांत शहराची ओळख ‘फ्लेमिंगो सिटी’ अशी करून दिली, त्याच्या या खुणा. पण हे नाव महापालिकेने शोधण्याआधीच पक्ष्यांनी कमावलं होतं.

शहर आखलं जात होतं तेव्हा त्यांचा विचार कुणाच्या मनात असणं शक्य नव्हतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईचा भार खाडीपलीकडे नेण्याची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी त्यासाठी सिडको ही शासकीय कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांच्या परिसरात नवं शहर उभं राहू लागलं. ‘नियोजित शहर’ हीच त्याची ओळख बनली. ठाणे खाडीत रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो पक्ष्यांचे मोठे थवे दिसू लागले ते १९९०च्या दशकात. आधी चर्चा झाली ती मुंबईतल्या शिवडीच्या चिखलाची. पुढे ऐरोली, भांडुप, नेरुळ, सीवूड्स अशा दोन्ही काठांवर ते दिसू लागले. आता हंगामात त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते.

ते इथेच का रमले, याचं उत्तर खाडीच्या चिखलात आहे. दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ फोफावतं आणि लहान रोहित या जातीचं मुख्य खाणं हेच सूक्ष्म शेवाळ. डोकं उलटं करून तो चोचीने पाणी गाळतो. पिसांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो, पिल्लं करड्या रंगाची असतात. कच्छच्या रणात वीण आटोपली की थवे साधारण नोव्हेंबरपासून इकडे येतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. आपल्या घाणीवर हे सौंदर्य पोसलं जातं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

नवी मुंबईचा खरा वाटा मात्र भरतीच्या वेळी कळतो. ओहोटीला पक्षी उघड्या चिखलावर चरतात. पाणी चढलं की त्यांना उथळ, सुरक्षित जागा लागते. मग अनेक थवे उठून नेरुळचं डीपीएस तळं, टी. एस. चाणक्य संस्थेमागची पाणथळ आणि एनआरआय वसाहतीजवळची तळी गाठतात. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. विसाव्याची ही तळी त्या सीमेबाहेर राहिली. बांधकामाची नजर त्यांच्यावरच पडली आणि सीवूड्सच्या पाणथळींवर गोल्फ कोर्स करण्याचा वाद रहिवाशांना उच्च न्यायालयात न्यावा लागला.

२०२४ च्या उन्हाळ्याआधी सुमारे ३० एकरांचं डीपीएस तळं कोरडं पडू लागलं. नेरुळ जेट्टीच्या कामात भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या होत्या. एप्रिलमध्ये या परिसरात रोहित मेलेले सापडले. चौकांत त्यांची शिल्पं उभी करणाऱ्या शहरात हे घडावं, याचा मला संताप येतो. पर्यावरणप्रेमींनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. बाकीच्या तळ्यांनाही तोच दर्जा मिळायला हवा, कारण पक्षी भरतीला एकाच तळ्यावर मावणारे नाहीत.

पाहायला जायचं तर हार्बर मार्गावरच्या सीवूड्स किंवा नेरुळ स्थानकावर उतरून रिक्षाने तळ्यांकडे जाता येतं. निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहून ठेवा आणि त्याच्या तासभर आधी काठावर पोहोचा, म्हणजे थवे खाडीवरून येताना दिसतील. दुर्बीण न्या. ड्रोन उडवू नका. खाडीत होडीने जायचं असेल तर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात चौकशी करा. फेब्रुवारी ते एप्रिलमधली सकाळ त्यासाठी चांगली.