अस्वल : स्वभाव, आहार व घ्यावयाची खबरदारी

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत व उत्तरेस सातपुड्याच्या जंगलात अस्वलांची वस्ती आहे. सुमारे २०५ चौरस किलोमीटर विस्ताराचे ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. तेथील अस्वले प्रसिद्ध आहेत. रानालगत ज्यांची शेते आहेत, त्यांनी या प्राण्याचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

अस्वल माणसाला भक्ष्य समजत नाही. वाळवी, मुंग्या, मध आणि बोर, जांभूळ, उंबर, टेंभुर्णी यांची फळे हा त्याचा मुख्य आहार होय. वरच्या जबड्यातील मधले दोन दात त्यास नसतात. लांब नख्यांनी वारूळ उकरून, नाकपुड्या मिटून, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. खाल्लेल्या फळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात व रानात नवी रोपे उगवतात.

मादी बहुधा हिवाळ्यात कपारीत किंवा बिळात एक वा दोन पिलांना जन्म देते. बाहेर पडल्यावर पिले कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात आणि सुमारे दोन वर्षे तिच्यासोबत राहतात. म्हणून संख्येची वाढ मंद असते. एक मादी मारली गेल्यास पिलेही सहसा वाचत नाहीत.

मग अस्वल हल्ला का करते? त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असले तरी दृष्टी मंद असते. खाण्यात गुंतले असता माणूस जवळ आल्याचे त्यास उशिरा कळते. अशा वेळी पळण्याऐवजी ते अंगावर धावून येते. पिले सोबत असल्यास धोका अधिक. जखमा बहुधा डोक्यास व चेहऱ्यास होतात. मोहफुले वेचण्याचा काळ आणि अस्वलांनी ती खाण्याचा काळ एकच असल्याने त्या दिवसांत विशेष सावध राहावे.

यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. पहाटे व तिन्हीसांजेनंतर रानात एकट्याने जाऊ नये. दोघातिघांनी बोलत, काठी आपटत जावे.
२. रात्री पिकाची राखण मचाणावरून करावी. जमिनीवर उघड्यावर निजू नये.
३. ताजे उकरलेले वारूळ दिसल्यास तेथून मागे फिरावे. कपारीत डोकावू नये.
४. अस्वल दिसल्यास त्याचा पाठलाग करू नये, वाट अडवू नये, दगड मारू नयेत.
५. जखमीस विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. वन विभागास तात्काळ कळवावे. शासकीय अर्थसाहाय्यासाठी पंचनामा आवश्यक असतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अस्वल मारणे गुन्हा आहे. विजेचा प्रवाह कुंपणात सोडल्यास अस्वलाबरोबर गुरे व माणसेही प्राणास मुकतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती मोहाच्या हंगामापूर्वीच घरोघर पोहोचवावी. वेळीच घातलेली एक हाक माणूस व अस्वल या दोघांचाही जीव वाचवू शकते.