लेकुरवाळा डोंगर

मराठी दुर्गवाङ्मयाने गड चढणारा माणूस बहुधा तरणाताठा आणि मित्रांच्या टोळक्यातला गृहीत धरला असून, एक मूल कडेवर आणि दुसरे बोटाशी घेऊन निघालेल्या कुटुंबाची दखल त्याने क्वचितच घेतली आहे. ‘सोपा’, ‘मध्यम’ आणि ‘कठीण’ अशी जी प्रतवारी मार्गदर्शक पुस्तकांतून आढळते ती मोठ्यांच्या दमसासावरून ठरते. वाटेवर सावली किती, पाणी कोठे, टाक्याला कठडा आहे की नाही आणि वर पोहोचल्यावर पाच वर्षांच्या मुलाने पाहावे असे तेथे काय आहे, या प्रश्नांची उत्तरे तीत सापडत नाहीत. पेण आणि रोहा या परिसरात सांकशी, अवचितगड, घोसाळगड, सुरगड असे किल्ले व त्यांच्या दक्षिणेस कुड्याची लेणी असूनही, हा डोंगराळ मुलूख मुलांसह कसा पाहावा याचा विचार झालेला नाही, आणि त्याचे कारण इतिहास सांगण्याच्या प्रचलित रीतीतच शोधावे लागते.

तुलनेसाठी मध्य इटलीकडे पाहणे उपयोगी ठरते. ओर्व्हिएतो, व्होल्तेर्रा, सान जिमिन्यानो यांसारख्या डोंगरमाथ्यावरच्या गावांत आज जगभरची कुटुंबे लहान मुलांसह हिंडतात, कारण ती गावे नांदती आहेत: तटाच्या आत भटारखाना आहे, चौक आहे, शाळा आहे. लाझिओ प्रांतातील शेतकरी दहाव्या ते बाराव्या शतकांत विखुरलेल्या वस्त्या सोडून टेकडीवरच्या तटबंद गावांत कसे एकवटले, हे पिएर तुबेर या फ्रेंच इतिहासकाराने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्ताराने दाखवले. तेथे डोंगर हेच गाव झाले आणि शेते उतारावर राहिली. पाण्याचा प्रश्न तेथेही बिकटच होता. ओर्व्हिएतोत पोप सातवा क्लेमेंट याने १५२७ मध्ये खोदायला घेतलेली विहीर ५३ मीटर खोल असून, तिच्यात उतरणारी व चढणारी खेचरे एकमेकांना आडवी येऊ नयेत म्हणून २४८ पायऱ्यांचे दोन स्वतंत्र नागमोडी जिने एकमेकांभोवती फिरवले आहेत. एवढा खटाटोप करण्याजोगी लोकवस्ती माथ्यावर होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कोकणात याच्या उलट घडले. पेण भोगावतीच्या काठी आणि रोहे कुंडलिकेच्या काठी वसले, ते भरतीच्या पाण्याने होडी जेथवर येते आणि जेथून पुढे माल बैलाच्या पाठीवर चढवावा लागतो अशा जागी. भातखाचरे सखल भागात, मिठागरे खाडीलगत आणि बाजार बंदरावर असल्याने डोंगरावर राहायला जाण्याचे प्रयोजनच नव्हते. त्यातच वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस चार महिन्यांत कोसळून कातळावरून वाहून जातो आणि उरलेले आठ महिने माथ्यावर टाक्यांत साठवलेल्या पाण्यावर काढावे लागतात. त्यामुळे गड हा शिबंदीचा, म्हणजे पगारी सैनिकांच्या तुकडीचा, आणि गाव पायथ्याचे, अशी विभागणी येथे कायम झाली.

या विभागणीचा एक साक्षीदार थेट रोह्यावरून गेला. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्सेंडन मे १६७४ मध्ये मुंबईहून निघून चौलमार्गे कुंडलिकेच्या मुखात शिरला, रोह्यासमोरच्या अष्टमी येथे होडीतून उतरला आणि तेथून खुष्कीच्या वाटेने निजामपूर, गांगवली करीत रायगडाखालच्या पाचाडला पोहोचला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे वर्णन म्हणून त्याची रोजनिशी वारंवार उद्धृत होते, परंतु तिच्यातील डोंगराविषयीची नोंद त्याहून कमी मोलाची नाही. गडावर राजाचा वाडा आणि मंत्र्यांची घरे मिळून सुमारे तीनशे इमारती आहेत, मात्र मनाला सुख देणारे झाड तेथे नाही आणि कोणतेही धान्य पिकत नाही, असे तो लिहितो. तीनशे इमारती म्हणजे छोटे शहरच झाले. पण ते राज्याच्या तिजोरीवर उभे होते, स्वतःच्या शेतावर नव्हे. ऑक्सेंडन व त्याच्या सोबत्यांच्या मांसाहाराची गडावर एवढी चर्चा झाली की त्यांना मटण पुरवणारा म्हातारा खाटीक, आपले एवढे गिऱ्हाईक आहे तरी कोण हे पाहण्यासाठी, उतारवयात गड चढून आला, हीही त्याच रोजनिशीतली नोंद. मांस विकणारा खाली राहत होता, आणि खुद्द जिजाबाईंचा वाडाही पाचाडलाच होता.

राजघराण्यातील मुले मात्र गडावर होती. राजाराम राजगडावर १६७० साली जन्मला; शाहू १६८२ साली ऑक्सेंडनच्या वाटेवरच्या त्याच गांगवलीत जन्मला आणि १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला तेव्हा वयाच्या सातव्या वर्षी आई येसूबाईंसह कैदेत गेला. हिरकणीची सर्वश्रुत कथा लोककथा म्हणूनच वाचायची असली, तरी तिची रचना बोलकी आहे: दूध घालणारी आई संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याने गडावर अडकते, तान्हे मूल मात्र खाली घरी असते. सामान्यांचे मूल पायथ्याला आणि राजाचे माथ्यावर, ही वाटणी कथेनेही पाळली आहे.

निर्मनुष्य डोंगर सांभाळणे किती खर्चाचे असते, याचा पुरावा पेणजवळच्या सांकशी किल्ल्यावरून झालेल्या भांडणात मिळतो. १५४० च्या सुमारास सांकशी व कर्नाळा हे दोन्ही किल्ले गुजरातच्या सुलतानाकडे होते. अहमदनगरच्या निजामशाहाने ते घेतले, तेव्हा गुजरातच्या किल्लेदाराने वसईच्या पोर्तुगीजांकडे धाव घेतली, पोर्तुगीज कप्तानाने किल्ले सोडवून दिले, निजामशाहाची फौज पुन्हा आली आणि हतबल किल्लेदार आपला हक्क पोर्तुगीजांच्या पदरात टाकून मोकळा झाला. फुकट पदरी पडलेले हे किल्ले पोर्तुगीजांना हवेहवेसे वाटायला हवे होते. पण निजामशाहाने चौलकडचा मुलूख जाळायला सुरुवात करताच, समुद्रापासून आत असलेल्या या दोन डोंगरांवर शिबंदी पोसणे परवडत नाही असा हिशेब मांडून त्यांनी ते वर्षाला ५,००० सोन्याच्या पार्दांवच्या, म्हणजे त्या काळच्या पोर्तुगीज नाण्याच्या, मोबदल्यात निजामशाहालाच देऊन टाकले. या व्यवहारात शहाणपण पोर्तुगीजांनी दाखवले, असेच म्हणावे लागते. मुलांसह आलेल्या कुटुंबाने सांकशीच्या पायथ्याच्या दर्ग्यापाशी थांबून हा किस्सा सांगावा. वरच्या कातळातल्या वाटेचा हट्ट धरू नये.

रोह्याकडील दोन गड त्या मानाने उदार आहेत. घोसाळे गावाच्या डोक्यावरचा घोसाळगड हा १६६५ च्या पुरंदर तहानंतर शिवाजी महाराजांकडे राहिलेल्या मोजक्या बारा किल्ल्यांपैकी एक. तेथे दरवाजाच्या पडझडीत शरभाची, म्हणजे सिंहासारख्या दिसणाऱ्या काल्पनिक पशूची, शिल्पे आहेत आणि मुलांच्या दृष्टीने तहनाम्यापेक्षा ती शिल्पे अधिक महत्त्वाची ठरतात. मेढे गावाहून दाट रानातून चढणाऱ्या वाटेचा अवचितगड सावलीमुळे सुसह्य होतो. त्याच्या बुरुजावर शके १७१८ चा, म्हणजे इ.स. १७९६ चा, शिलालेख आहे, बारा कोनांचा तलाव आहे आणि एकमेकींना लागून खोदलेली टाकीही आहेत. हीच टाकी मुलांसाठी सर्वांत मोठा धोका असल्याने तेथे मुलाचा हात सोडू नये, हे वेगळे सांगायला नको. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजेने हा सारा टापू भराभर जिंकला, १० मे रोजी रायगडही घेतला, आणि दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई हिला तोफांच्या माऱ्यात जळलेल्या त्या गडावरून खाली उतरावे लागले. त्यानंतर हे माथे ओस पडले.

एवढ्यावर थांबले तर निष्कर्ष सरळ निघतो: कोकणातला डोंगर लढवय्यांचा, मुलाबाळांचा नव्हे. कुड्याची लेणी मात्र हा निष्कर्ष टिकू देत नाहीत.

राजपुरीच्या खाडीचा एक फाटा आत शिरून जेथे संपतो, तेथे मांदाडजवळ एका बेताच्या टेकडीत ही २६ बौद्ध लेणी कोरलेली आहेत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथातले मंदगोरा बंदर म्हणजे हेच मांदाड, असे अनेक अभ्यासक मानतात. येथील ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखसंग्रहात प्रसिद्ध केले. दात्यांमध्ये या भागाचे अधिपती असलेले मांदव घराण्यातील महाभोज आहेत, तसेच कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असा एक वैद्य आहे.

त्याचे नाव सोमदेव. त्याचे वडील इसिरखित हेही वैद्यच होते. सोमदेवाने भिक्षूंसाठी लेणे दिले आणि दानलेखात आपल्याबरोबर आपल्या सात मुलांची नावे कोरवून घेतली: नाग, इसिरखित आणि सिवघोस हे मुलगे, इसिपालिता, पुसा, धम्मा आणि सपा या मुली. लेखात कोठलाही पराक्रम नाही, वंशाची फुशारकी नाही. एका बापाने आपली सगळी लेकरे, मुलींना न वगळता, पुण्याचे वाटेकरी केली आहेत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची जी रीत मराठी घरांत आजही दिसते, ती येथे इसिरखित या नावात जशीच्या तशी सापडते.

हा लेख अपवाद मानावा, तर शेजारीच दुसरा उभा राहतो. महाभोज खंदपालिताच्या पदरी लेखक, म्हणजे लेखनिक, असलेल्या सिवभूतीचा धाकटा भाऊ सिवम याच्या दानलेखात लेणे त्याचे, दगडातील कोरीव काम त्याची पत्नी विजया आणि सुलसदत, सिवपालित, सिवदत व सपिल या मुलग्यांचे, तर खांब सपा, सिवपालिता, सिवदता आणि सुलसदता या मुलींचे, अशी वाटणी नोंदली आहे. चार भाऊ, चार बहिणी, आणि नावे जवळजवळ जोडीजोडीने ठेवलेली; आजोबा सुलसदत यांचे नाव तर नातू आणि नात अशा दोघांनाही मिळाले आहे. इमारतीचा भार ज्या अंगावर असतो ते दान मुलींच्या नावे लिहिले जावे, याला योगायोग म्हणता येईल, पण दुर्लक्ष करता येणार नाही. ही मुले दानाच्या वेळी किती वर्षांची होती हे लेख सांगत नाहीत, काही जण संसाराला लागलेलेही असतील. तरीही सुमारे अठराशे वर्षांपूर्वी या मुलखातील डोंगरावर पंधरा मुलांची नावे कुटुंब म्हणून कोरली गेली, हे निर्विवाद आहे. पुढच्या काळातल्या गडांच्या जमाखर्चात किल्लेदार, हवालदार, तोफा आणि धान्याची कोठारे सापडतात, मुले सापडत नाहीत.

याचे कारण डोंगराच्या स्वभावात नसून त्याच्या वापरात आहे. कुड्याची टेकडी व्यापारी वाटेवर होती, पायथ्याशी बंदर होते, लेण्यांशेजारी कातळात खोदलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, भरलेल्या असत आणि वर राहणाऱ्या भिक्षूंना रोज भिक्षेसाठी गावात उतरावे लागत असल्याने माथा आणि पायथा यांच्यात ये-जा अखंड होती. गडांनी ही ये-जा दरवाजे लावून तोडली. इटलीतील टेकडीवरच्या गावांशी कोकणातील किल्ल्यांची तुलना नेहमी तटबंदीवरून केली जाते, ती चुकीच्या जोडीची आहे; नांदतेपणाच्या कसोटीवर त्या गावांना जवळचे आहे ते कुडे.

लहान मुलांसह या भागात येणाऱ्यांनी म्हणूनच क्रम उलटा लावावा. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, त्यामुळे मुक्कामाला रोहे सोयीचे. दसऱ्यानंतर वाटा वाळल्या की पहिला दिवस कुड्याला द्यावा. चढ थोडा आहे, लेण्यांत सावली आहे, एका लेण्यासमोर कोरलेले भलेमोठे हत्ती आहेत, आणि कोठड्यांतील दगडी बाकांवर आडवे होऊन पाहिल्याशिवाय कोणतेही मूल परतत नाही. मोहोळे असतील तेथे आवाज व धूर टाळावा, एवढे पथ्य पुरे. अक्षरे मुलांना वाचता येणार नाहीत, पण सातही भावंडांची नावे लेण्यात मोठ्याने म्हणून दाखवता येतात. घोसाळगड दुसऱ्या दिवशी, तोही सकाळी. अवचितगड मूल स्वतःच्या पायाने तासभर चालू लागेल त्या वर्षी. आणि प्रत्येक वेळी आधी पायथ्याचे गाव, तिथले देऊळ व विहीर, मग माथा.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले बुरुजाइतकेच लक्ष पायथ्याकडे देतात: अळीव पेरून शेत उगवतात, वाटीची विहीर करतात, घरे मांडतात, बाजार भरवतात. मोठी माणसे त्याला खेळ म्हणतात, परंतु मुलखाचा तो नकाशा बहुसंख्य दुर्गपुस्तकांपेक्षा अधिक बरोबर आहे, कारण त्यात गडाला गाव आहे. पेण-रोह्याच्या डोंगरांवर लिहिल्या जाणाऱ्या पुढच्या पुस्तकाने वेढे आणि तह यांच्या बरोबरीने सोमदेव वैद्याच्या सात मुलांना पानभर जागा दिली, तर मुलांना गडावर न्यावे की नाही हा प्रश्नच उरणार नाही. कोणत्या डोंगरापासून सुरुवात करावी, एवढेच ठरवायचे राहील.